उतरवणी

पान देठासकट हातात आलं आणि प्रेमला दचकली. तिने ते खुडलं नव्हतं. सकाळी सहाच्या उजेडात, चहाचं आधण ठेवून, पानावरची धूळ पुसावी म्हणून नुसतं ओलं बोट लावलं होतं. पानवेलीचं पान असं फुकट हातात येत नसतं. ते नखाने खुडावं लागतं, आणि खुडताना देठाशी बारीकसा आवाज होतो, जो पालघरजवळच्या माहीमच्या पानमळ्यात वाढलेल्या बाईला झोपेतही ओळखू यावा. हे पान मुकाट्याने आलं. तारापूरच्या कॉलनीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, जाळीवरून सुतळीच्या आधाराने थेट छतापर्यंत पोचलेली आठ वर्षांची वेल वरवर हिरवीगार दिसत होती. पण आता डोळे फाडून बघितल्यावर खालची पाच-सहा पानं पिवळी पडलेली दिसली, आणि तो पिवळेपणा पिकल्या पानाचा नव्हता. पिकलेलं पान कसं लखलखीत असतं. ही पानं काविळीतून उठलेल्या माणसासारखी दिसत होती. ती डब्याशी वाकली. गोड्या तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा तो. त्यातून वास आला, फुलदाणीत आठवडाभर राहून गेलेल्या पाण्याचा येतो तसा. प्रेमलाने झटकन मान वर केली आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून आधी आत बघितलं, मग समोरच्या इमारतीकडे. आत रामनाथ, तिचा नवरा, पहिल्या पाळीला जायच्या घाईत एक मोजा शोधत होता. चहा उतू गेला.

एरवी एक झाड गेलं असतं तर गेलं असतं. कॉलनीत प्रत्येकाच्या गॅलरीत एखादी कुंडी मेलेली असायचीच. पण देव्हाऱ्यामागे आबांचं पोस्टकार्ड खोचलेलं होतं, दहा दिवसांपूर्वी आलेलं. 'चि. प्रेमला हिस आशीर्वाद. मळ्याला मर लागली. श्रावणात निम्म्या वेली गेल्या, गणपतीपर्यंत बाकीच्या. सर्व उपटून जाळल्या. बेणं शिल्लक नाही. तुझ्याकडे आहे ती आपल्याच वाडीची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, बेणं नेतो. वेल सांभाळ. बाकी ठीक.' सगळा मळा जाळून झाल्यावर जे काय उरलं असेल ते ठीक, असा आबांचा हिशेब. गावात दुसऱ्यांच्या मळ्यांत वेली होत्या, नव्हत्या असं नाही. पण नरहरी राऊतांच्या वाडीतलं पान निराळं, लहानसर, पातळ, जिभेला आधी झोंबणारं आणि मग गोड होणारं. ते बेणं आबांच्या आजोबांपासून त्या एका वाडीत चालत आलेलं, आणि दुसऱ्याला द्यायचं नाही हा घरातला हेका. लग्नात मुलीला तेवढं दिलं होतं, केळीच्या सोपटात गुंडाळून, दागिन्यांच्या डब्याशेजारी. म्हणजे आता जगाच्या पाठीवर ते पान फक्त प्रेमलाच्या गॅलरीत होतं, आणि दसऱ्याला बावीस दिवस राहिले होते.

बोईसरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती दिवसभर लोकांची बोलणी जोडून देत बसायची. त्या दिवशी हेडफोनमध्ये पालघर, डहाणू, वापी सगळे एकच बोलत होते, कसे आहात, ठीक, तुम्ही कसे, ठीक. माहीमच्या किराणा दुकानात फोन होता. तिथे निरोप ठेवला तर तासाभरात आबांना पोचला असता. दुपारी दोनदा तिने लाइन जोडायचा दोर हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. काय सांगणार? वेल सांभाळ असं तुम्ही लिहिलंत, मी सांभाळली, आणि सांभाळता सांभाळता ती सडली? कारण सांभाळणं म्हणजे पाणी देणं, एवढंच तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आबा कधी जवळ घेऊन बसले नाहीत, शाळेत कितवा नंबर आला विचारलं नाही. पण रोज संध्याकाळी ते मळ्यात शिरत, पायांतल्या वहाणा बाहेर, धोतर गुडघ्यांच्या वर, आणि पाटातलं पाणी ओंजळीएवढ्या डब्याने प्रत्येक वेलीच्या बुडाशी असं शिंपीत की जसं काही पोरांना न्हाऊ घालताहेत. प्रेमला पाटात पाय सोडून बसायची. वर झावळ्यांचं छप्पर, त्यातून गाळून आलेला हिरवा उजेड, पायांच्या बोटांमधून सरकणारी रेती, आणि तो वास, ओल्या मातीचा आणि तिखट पानांचा मिळून झालेला, ज्याला तिला अजून नाव सापडलं नव्हतं. पाणी पडलं की माहीमची रेताड जमीन ते तिथल्या तिथे पिऊन टाकायची आणि पुन्हा कोरडं तोंड करून बसायची. कितीही द्या. त्या जमिनीला पुरे म्हणणं माहीत नव्हतं आणि आबांनाही. पोस्टकार्ड आल्यापासून प्रेमलाने एकवेळचं पाणी दोनवेळ केलं होतं. तेही तांब्याने नव्हे, कळशीने.

दुसऱ्या दिवशी प्रेमलाला सुट्टी होती. बेटेगावहून भांड्यांना येणारी कमळी गॅलरीत फडकं वाळत घालायला गेली आणि नाक धरून परत आली.

"बाय, कसला गं वास येते? मासली कुजली का काय?"

"नाही गं. काही नाही."

कमळीने ऐकलं नाही. ती डब्यापाशी उकिडवी बसली, मधलं बोट मातीत पार मुळापर्यंत खुपसलं, बाहेर काढून हुंगलं आणि हसायला लागली. तिचं हसणं सबंध अंगाने असायचं, बांगड्यासुद्धा हसायच्या. "हितं तं भात लावता येल! आवण लावू का आणून? आमच्या शेतात पावसाचंबी येवढं पाणी नाय राहत." मग एकदम गंभीर होऊन तिने डबा तिरका केला, खालून पाहिलं. "पण बाय, ह्या पाण्यानं जावं कुठं? वाटच नाय ठेवलेली."

प्रेमलाचे कान गरम झाले. वाट होती. आठ वर्षांपूर्वी रामनाथने खिळा आणि हातोडी घेऊन चांगली चार भोकं पाडली होती. पण गेल्या उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरच्या आनंदीबाईंच्या पांढऱ्याशुभ्र पलंगपोसावर मातीचे थेंब पडले, आनंदीबाई जिना चढून आल्या, काही न बोलता पलंगपोस उलगडून दाखवला आणि काही न बोलता खाली गेल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दुपारी प्रेमलाने मेणबत्ती पेटवली आणि चारही भोकं मेणाने बुजवून टाकली. कुणाला सांगितलं नाही. नंतर पावसाळा गेला, आणि ती स्वतःसुद्धा ते विसरली. खरंच विसरली होती का? आता कमळीसमोर उभं राहिल्यावर तिला वाटलं, मनाच्या एका कोपऱ्यात ते मेण रोज होतं, आणि रोज कळशी ओतताना ती त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभी राहत होती. तीन वाजता रामनाथ पाळीवरून आला तेव्हा तिने दारातच सांगून टाकलं. पायातला बूट हातात धरून तो ऐकत राहिला.

"मेणबत्तीने?"

"हो."

"वा. मला वाटलं होतं आपल्या घरात मीच एक फिटर आहे." मग तिचा चेहरा बघून त्याने बूट खाली ठेवला. "अगं, रडतेस काय? मेली का ती? मेली नाही ना? चल, बघू तरी."

त्यांनी डबा पत्रे कापायच्या कात्रीने उभा चिरला. आतून काळा, चिकट चिखल निघाला आणि घरभर वास सुटला. प्रेमलाने बादलीत मुळं धुतली. बोटांत धरावं तर साल सुटून यायची आणि आतला दोरा तेवढा हातात राहायचा, एकामागून एक, मूठभर, दोन मुठी. तिला ते बघवेना आणि सोडवेनाही. रामनाथच्या दाढीच्या पात्याने ती कापत गेली, काळं, काळं, तपकिरी, पुन्हा काळं, आणि मग अगदी आत, खोडाला लागून, पाच मुळं पांढरी निघाली. टणक. नख लावलं तर कुरकुरीत. पाचच. तिने ती दोनदा मोजली आणि पातं बाजूला ठेवलं.

पण पाच मुळांवर छतापर्यंतचा पसारा जगणार नव्हता. वरचे शेंडे अजून ताजे दिसत होते, आणि मनात येऊ नये ते मनात आलंच. शेंड्यांचे चार तुकडे कापायचे, ओल्या गोणपाटात बांधून ठेवायचे, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आबांच्या हातात द्यायचे. त्यांना काय कळणार आहे? घेतील, नेतील, लावतील. फक्त, दुखणाईत वेलीचं बेणं घ्यायचं नाही, हा राऊतांच्या वाडीतला पहिला नियम होता. वेल आधी बरी करायची, तिने नवा कोंब दाखवायचा, मग तिच्याकडे बेणं मागायचं. आबा म्हणत, आजाऱ्याच्या ताटातलं उचलतात का? प्रेमला ओल्या हातांनी तशीच फरशीवर बसून राहिली, आणि मुळांकडे बघता बघता तिला माहीम दिसलं, उन्हाळ्याच्या तोंडाचं, उतरवणीचे दिवस. वर्षातून एकदा वेल आधारावरून सोडवायची, हळूच खाली आणायची, तिचं जुनं खोड बुडाशी वेटोळं करून मातीत निजवायचं आणि शेंडा तेवढा पुन्हा वर चढवायचा. मातीत निजलेल्या पेरापेराला नवी मुळं फुटायची. म्हातारी वेल पुन्हा तरणी व्हायची. ते काम बाप्यांचं. पोरीबाळींनी कडेला बसून बघायचं, आणि ती बघत आली होती, सात-आठ वर्षं, पाटात पाय सोडून, आबांच्या बोटांकडे. ओढायचं नाही, हे ते दर वेळी गड्याला सांगत. तिला सोडायला लावायचं.

ती उठली आणि स्टुलावर चढली. छताजवळ वेलीने भिंतीला लहान लहान पंजे रोवले होते. प्रेमलाने एकेका पेरापाशी अंगठा सरकवला आणि वाट बघितली. पहिला पंजा सुटायला फार वेळ लागला, दुसरा त्याहून कमी. मग हातांना कळलं. तिने कधीही न केलेलं काम हातांना येत होतं, आणि हे लक्षात आल्यावर तिला एकदम हसू फुटलं, स्टुलावर उभ्या उभ्या, एकटीलाच. रामनाथ खाली दोन्ही हात पसरून उभा होता, पडली तर झेलायला. वेल की बायको हे त्याने सांगितलं नाही. कमळीने संध्याकाळी स्वतःच्या घरचा माठ आणून दिला, उन्हाळ्यात चिरलेला, पाझरणारा. "ह्याच्यात पाणी थांबणारच नाय. तू किती वत." वरचा गळा फोडून त्याची पसरट कुंडी झाली. कॉलनीत नवी इमारत चढत होती, तिथल्या वॉचमनला विचारून रामनाथने नदीची रेती आणली. कमळीने चुलीतले कोळसे कुटून दिले. बोईसरच्या बी-बियाण्यांच्या दुकानातून मोरचूद आणून त्याच्या पाण्यात चुना मिसळून प्रेमलाने कापलेल्या जागा बुडवल्या, बोटं दोन दिवस निळसर राहिली. मग सडका बुंधा टाकून, ती पाच मुळं जपून, उरलेल्या खोडाची तिने अडीच वेटोळी केली आणि रेतीत निजवली. पानं निम्मी काढून टाकली. वर दीड हात शेंडा राहिला, सुतळीला टेकलेला. आणि माठाखाली तिने एक जुनी परात ठेवली, थेंब पडले तर परातीत पडावेत म्हणून. परात ठेवल्यावर ती आणि रामनाथ एकमेकांकडे बघत राहिले. आठ वर्षांत हे दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

खरी परीक्षा पुढे होती, ती म्हणजे काही न करण्याची. एकदा पाणी शिंपडलं होतं, आता बोटाला रेती कोरडी लागेपर्यंत देणं नाही. सकाळी उठल्यावर हात आपोआप कळशीकडे जायचा. एक्स्चेंजमधून परतताना बसमध्ये तिला वेल तहानेने वाळून दोरी झालेली दिसायची, आणि ती जिना धावत चढायची, बोट खुपसायची, रेती ओलीच. असं रोज. कोरड्या ओठांचं मूल समोर बसलंय आणि आपण पेला मागे धरून उभ्या आहोत असं तिला वाटे, आणि राग येई, कुणाचा ते कळत नसे. सहाव्या दिवशी एक पान गळलं. नवव्या दिवशी आणखी दोन. अकराव्या दिवशी तिने न राहवून तांब्या भरून घेतला आणि गॅलरीत गेली, तर माठावर रामनाथच्या अक्षरात खडूने लिहिलेलं होतं, 'पाणी देणाऱ्यावर कारवाई होईल.' तिने तो तांब्या स्वतःच पिऊन टाकला. त्या दिवशी तिला पहिल्यांदा जाणवलं की आपण किती जणांना असं पाणी घालत आलोय, नवऱ्याला, सासरच्या माणसांना, एक्स्चेंजमधल्या मुलींना, कुणी मागितलं नसताना, त्यांनी आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून. या विचाराने वाईट वाटायला हवं होतं. पण रिकामा तांब्या हातात घेऊन ती जाळीला टेकून उभी राहिली, समोर कॉलनीच्या भिंतीपलीकडे भाताची शेतं पिवळी पडत चालली होती, वारा समुद्रावरून येत होता, आणि तिला फार हलकं वाटत होतं. घट बसले त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी, शेंड्यापासून तिसऱ्या पेरावर, मुंगीएवढं काहीतरी लालसर दिसलं. तिने चष्मा आणला. कोंब होता. ती ओरडली नाही. रामनाथला उठवलं, तोंडाने काही सांगता येईना म्हणून नुसता हात धरून ओढत आणलं, आणि तो झोपेत म्हणाला, "कोण आलंय?" "ये तर," ती म्हणाली. दुपारी कमळी आली तेव्हा तिला दाखवलं. कमळीने पदर तोंडाला लावून त्या मुंगीएवढ्या कोंबाला विचारलं, "आली का गं बाय जागी?" दसऱ्यापर्यंत त्याचं पान झालं, नखाएवढं, तकतकीत. दुसऱ्या दोन पेरांवरही फुटवे आले.

आबा सकाळच्या एसटीने आले. टोपी काढली, पाणी प्यायले, आणि थेट गॅलरीत गेले. वहाणा त्यांनी गॅलरीच्या उंबऱ्याबाहेर काढल्या. ते माठाशी बसले आणि बोटाने वरची रेती जराशी बाजूला सारली. प्रेमला दारात उभी होती, पाटात पाय सोडून बसणारी ती पोर पुन्हा होऊन. पानं थोडी दिसतात असं विचारतील. उन्हाने गेली असं सांगता येईल. वेल आता बरी आहे, नियम मोडलेला नाही, झालं गेलं कुणाला कळायचं कारण नाही.

"उतरवली कोणी?" आबांनी विचारलं.

"मी."

"तू?" ते वळले. "वेटोळं डावीकडून घेतलंय. आमच्यासारखं."

कौतुक होतं ते. आयुष्यात पहिल्यांदा होतं. ते तसंच पदरात घ्यायचं आणि गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. पण ते तिला घेता येईना. तिने सांगितलं. मेण, पलंगपोस, कळशी, काळी मुळं, सगळं, एका दमात, खाली फरशीकडे बघत. "मर नव्हती, आबा. काही रोग नव्हता. मीच बुडवली होती तिला. रोज दोन वेळा. तुमी सांभाळ म्हणून लिहिलंत ना, म्हणून."

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. आबांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, तिची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"मरबीर काय नाय," ते म्हणाले.

"काय?"

"आमच्या मळ्याला. मर नव्हती." त्यांनी आत वाकून रामनाथ ऐकत नाही ना पाहिलं. रामनाथ ऐकतच होता, पण त्याने पेपर वर धरला. "रहाट काढला नि विजेची मोटर बसवली औंदा. बटन दाबलं का हे येवढं पाणी! हातभर धार! मी म्हटलं, साठ वर्सं ओंजळीनं पाजलं, आता प्या म्हणावं पोटभर. सकाळ नाय, दुपार नाय. पावसातसुदीक चालू केली दोनदा. बघायला बरं वाटायचं. रेती असली म्हणून काय झालं, खाली कुठंतरी पाणी तुंबलं ना." ते थांबले. "वेल उपटली तं मुळं काळी. असाच वास. गावात सांगितलं मर लागली. काय सांगणार? नरहरी राऊतानं आपला मळा बटनानं बुडवला?"

प्रेमलाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. आधी कोण हसलं ते नंतर रामनाथलाही सांगता आलं नाही. आबांचं हसणं तिने उभ्या जन्मात ऐकलेलं नव्हतं. ते शिंकेसारखं सुरू झालं आणि थांबेना, ते माठाचा काठ धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी, आणि प्रेमला उंबऱ्यावर फतकल मारून बसली, पोट धरून. "हातभर धार!" एवढं तिला कसंबसं म्हणता यायचं आणि पुन्हा दोघं सुरू. खालून आनंदीबाईंनी मान वर करून काय झालं म्हणून विचारलं. "काय नाय, काय नाय!" आबाच ओरडले.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी बेणं घेतलं. फुटवे आलेल्या शेंड्याचे दोन तुकडे, दोन-दोन पेरांचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून पिशवीत ठेवले. जास्त नको म्हणाले, तिला जड जाईल. गावी कुणाला सांगू नको, हेही म्हणाले, आणि तुमीपण माझं सांगू नका, असं ती म्हणाली. मग साडेतीन वाजले तसे ते उठले, टोपी चढवली, पिशवी काखेत मारली. आठ वर्षांत ते किती वेळा आले असतील, प्रत्येक वेळी चारच्या एसटीने गेले होते, संध्याकाळचं पाणी द्यायचंय म्हणून. एकदाही वस्तीला राहिले नव्हते. आताही पाय आपोआप दाराकडे निघाले होते.

"आबा," ती म्हणाली, "आता कोणाला पाणी द्यायचंय?"

ते दारात थांबले. एक हात कडीवर होता. तिला क्षणभर भीती वाटली की आपण नको ते बोललो, रिकाम्या मळ्यावर बोट ठेवलं. आबांनी पिशवी काखेतून काढली, उघडली, गोणपाटाला बोट लावून बघितलं, आणि पुन्हा बंद करून ती माठाशेजारी सावलीत नेऊन ठेवली.

"राहू दे त्यांना थोडं कोरडं," ते म्हणाले. "उद्या जातो. अंथरूण हितंच टाक, गॅलरीत."